बिशपच्या मुलाने धर्म सोडला : व्हेरियर एल्विन यांची जीवनकहाणी



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी धम्मदीक्षा होऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. कोणी अशोक विजयादशमीला दीक्षा घेतली असेल, कोणी बुद्ध पौर्णिमेला. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली असेल. मुलांना त्रिशरण-पंचशील पाठ झाले असेल. पण मला हेही ठाऊक आहे की तुमच्या कित्येक घरांत एक कोपरा अजून जुनाच आहे. तिथे म्हातारी आजी किंवा आई आपला देव्हारा सांभाळून बसली आहे. तुम्ही विहारात जाता आणि ती मागे एकटी दिवा लावते. तिला दुखवावे, तर जीव तुटतो. न दुखवावे, तर बावीस प्रतिज्ञांना बाध येईल की काय, असे मनात येते. या प्रश्नावर घराघरांत भांडणे होतात. मी शिक्षक आहे, कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांत माझे जाणेयेणे असते, म्हणून हे जवळून पाहतो.

याच प्रश्नासाठी आज मी तुम्हाला एका माणसाची जीवनकहाणी सांगणार आहे. तो आपल्या समाजात जन्मला नव्हता, आपल्या देशातही जन्मला नव्हता. ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या धर्मपीठाच्या घरात तो जन्मला. त्याने त्या घराचा धर्म सोडला. आणि ज्या दिवशी तो मेला त्यानंतर त्याच्या देहावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्याचे नाव व्हेरियर एल्विन.

आधी इंग्रजांच्या घरांविषयी थोडे सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. आपल्याला गोरा साहेब दिसतो तो घोड्यावरचा किंवा कचेरीतला. त्याच्या घरात काय चालत असे, ते आपल्या वाडवडिलांपैकी फक्त बटलर, माळी, आया आणि भंगी यांनाच दिसले. त्या घरात नोकर पुष्कळ असत, पण मुले फार दिवस नसत. सात-आठ वर्षांचे पोर झाले की त्याला बोटीत बसवून इंग्लंडला पाठवीत. इथल्या हवेने ते मरेल ही एक भीती, आणि इथल्या माणसांत राहून ते बिघडेल ही दुसरी. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला रुडयार्ड किपलिंग पाच वर्षांचा असताना धाकट्या बहिणीसह असाच परक्या घरी इंग्लंडात ठेवला गेला. ते दिवस त्याने जन्मभर विसरले नाहीत. राज्य करणाऱ्यांनाही राज्याची किंमत अशी आपल्या लेकरांच्या रूपाने मोजावी लागत होती.

या घरांना बांधून ठेवणारी गोष्ट होती चर्च. ठाण्यातले सेंट जेम्स चर्च तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते १८२५ सालचे आहे, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली धावली त्याच्याही आधीचे. गोरे अंमलदार रविवारी अशा देवळांत जमत. सरकारी चर्चच्या पाद्र्यांचा पगार सरकारच्या धर्मखात्यातून निघे, आणि सरकारचा पैसा म्हणजे रयतेचा सारा. ज्या शेतकऱ्याला त्या चर्चची पायरीही ठाऊक नव्हती, त्याच्याच पैशावर पाद्री पोसला जात होता. धर्म आणि राज्य एका गाडीला जुंपले की काय होते, हे आपल्याला निराळे सांगायला नको. आपण पेशवाईच्या आठवणी ऐकत वाढलेले लोक आहोत.

आता एल्विन यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमध्ये डोव्हर या बंदराच्या गावी झाला. वडील एडमंड हेन्री एल्विन हे आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या इंग्रज वसाहतीचे बिशप होते. तिथली हवा गोऱ्या माणसाला मारक म्हणून कुप्रसिद्ध होती. १९०९ साली पीतज्वराने ते तिकडेच वारले. व्हेरियर तेव्हा सात वर्षांचा होता. बाप त्याने फार थोडा पाहिला. बाप म्हणजे आफ्रिकेत धर्मासाठी देह ठेवलेला एक पुण्यात्मा, असेच त्याने आईच्या तोंडून ऐकले.

आई मिनी ही अतिशय कडव्या श्रद्धेची स्त्री होती. येशू ख्रिस्त आकाशातून पुन्हा उतरणार आणि तो दिवस कोणत्याही क्षणी उगवेल, असा तिचा खराखुरा विश्वास होता. बायबलमधला शब्द न् शब्द खरा, यात तिला शंका नव्हती. नवरा गेल्यावर पैशाची ओढाताण झाली, बिऱ्हाडे बदलली, पण मुलांची प्रार्थना चुकली नाही. व्हेरियर, त्याची बहीण एल्डिथ आणि भाऊ बेसिल या तिघांना तिने याच शिस्तीत वाढवले. व्हेरियरने बापाची गादी चालवावी, ही तिची आशा होती. विधवा आई, धार्मिक घर आणि हुशार मुलगा. वाचकहो, हे चित्र आपल्याला परके आहे काय? भाषा बदला, देवाचे नाव बदला, आणि हे घर आपल्या चाळीत कुठेही सापडेल.

मुलगा खरोखरच हुशार निघाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मर्टन कॉलेजात त्याने इंग्रजी साहित्यात पहिला वर्ग मिळवला, मग ईश्वरशास्त्रातही पहिला वर्ग मिळवला. त्याला पुरोहितपणाची दीक्षा मिळाली. पाद्री तयार करणाऱ्या विक्लिफ हॉल या संस्थेचा तो उपप्राचार्य झाला आणि नंतर स्वतःच्या कॉलेजात धर्मोपदेशक. वयाची पंचविशी उलटली नव्हती. असाच सरळ चालत राहिला असता, तर म्हातारपणी तोही बिशप झाला असता. पण ऑक्सफर्डातच त्याच्या मनात पहिला बदल झाला. आईचा पंथ साधा, मूर्ती-मेणबत्त्या न मानणारा. मुलगा मात्र संतांच्या ध्यानमार्गाकडे आणि जुन्या पूजाविधींच्या पंथाकडे वळला. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे ख्रिस्तीच. पण आईच्या मनाला पहिला ओरखडा तेव्हाच उठला.

मग हिंदुस्थान. एल्विन यांच्या मनात एक विचार होता. आपल्या लोकांनी आणि आपल्याच नात्यागोत्यातल्या माणसांनी हिंदुस्थानातून घेण्याचेच काम केले. तेव्हा या घराण्यातल्या एकाने तरी तिकडे काही द्यायला गेले पाहिजे. राज्य करायला नव्हे, गरिबांत राहायला. म्हणून १९२७ च्या अखेरीस ते जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल होऊन पुण्याला आले. या संघात गोरे आणि हिंदी सभासद एकत्र राहत, जमिनीवर बसून जेवत, खादी वापरत. छावणीतल्या साहेबांना हे पटणारे नव्हते.

त्याच साली आपल्याकडे काय चालले होते, ते आठवा. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. एल्विन पुण्यात ध्यानावर पुस्तके लिहीत होते, तेव्हा म्हणजे १९२९ साली त्याच पुण्यात पर्वतीच्या मंदिर प्रवेशासाठी आपल्या लोकांनी सत्याग्रह केला आणि दगड खाल्ले. दोन प्रवाह एकाच गावातून वाहत होते, पण एकमेकांना मिळत नव्हते.

एल्विन गांधीजींकडे ओढले गेले. साबरमतीला गेले, सत्याग्रहाच्या बाजूने लिहू लागले. गांधीजी त्यांना मुलासारखे मानत. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटेपूर्वी मुंबईच्या मणिभवनातून गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि त्यांचे मित्र शामराव हिवाळे तिथेच होते. हे शामराव हिवाळे मराठी ख्रिस्ती तरुण. ख्रिस्त सेवा संघात दोघांची गाठ पडली. इतिहासात एल्विन यांचे नाव मोठे झाले आणि शामरावांचे लहान राहिले. पण दवाखाना चालवणारा, लोकांची भांडणे मिटवणारा, घर सांभाळणारा हात बहुतेक वेळा शामरावांचा होता. प्रधान जमातीवर त्यांनी स्वतः लिहिलेले पुस्तकही आहे. मराठी माणसाने हे नाव विसरू नये.

पुण्याहून मुंबईला येणारी गाडी कल्याणवरूनच येते, आणि मुंबईहून जबलपूरकडे जाणारी गाडीही कल्याणवरूनच जाते. ज्या जंक्शनात तुम्ही रोज सकाळी गर्दीत उभे असता, तिथूनच त्या काळच्या या गाड्या फुटत. १९३२ च्या जानेवारीअखेर एल्विन आणि शामराव मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात, मैकल डोंगरातल्या करंजिया या गोंड वस्तीत जाऊन राहिले. मातीची झोपडी, शाळा, औषधाची पेटी आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी आसरा, असे काम उभे राहिले.

आता खरा प्रश्न उभा राहिला. नागपूरचे बिशप वुड यांनी एल्विन यांच्याकडे इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मागितली. त्याशिवाय पुरोहिताचा परवाना मिळणार नव्हता. एल्विन यांनी शपथ घ्यायचे नाकारले. ख्रिस्ताचा सेवक होण्यासाठी पंचम जॉर्जचा सेवक का व्हावे लागते, हे त्यांना कळेना. दुसरी अडचण त्याहून खोल होती. मिशनरी म्हटला की गोंडांना ख्रिस्ती करायला हवे. एल्विन यांना ते करवेना. हे लोक नाचतात, गातात, भूक वाटून खातात, आणि मी त्यांना सांगू की तुमचे सारे चूक आणि माझ्या धर्माबाहेर तुम्हाला तारण नाही? एकच धर्म खरा आणि बाकी सारी दुनिया अंधारात, हा दावा त्यांच्या मनातून हळूहळू गळून पडला. तो दावा गळाला, तशी त्याला धरून असलेली श्रद्धाही गळाली.

१९३५ साली एल्विन यांनी पुरोहितपण सोडले आणि चर्चही सोडले.

वाचकहो, सालाकडे लक्ष द्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की जन्म हिंदू धर्मात झाला तो आपल्या हाती नव्हता, पण मरताना आपण हिंदू असणार नाही. पुढच्या मे महिन्यात, १९३६ साली, धर्मांतराच्या याच प्रश्नावर ते आपल्या कल्याणला येऊन आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या लोकांशी बोलले. त्याच सुमारास दूर मंडल्याच्या जंगलात बिशपचा मुलगा आपला धर्म उतरवून ठेवत होता. दोघांची कारणे एक नव्हती. बाबासाहेबांचा धर्म त्यांना माणूस मानत नव्हता. एल्विन यांचा धर्म त्यांना मान देत होता, पण इतरांना कमी लेखायला शिकवत होता. अपमान सोसणाऱ्याने उठून जाणे एक आणि मानाच्या पाटावर बसलेल्याने उठून जाणे दुसरे. पहिल्यात कोट्यवधींची मुक्ती आहे, म्हणून ते मोठे. पण दुसरेही सोपे नसते.

आणि आई? त्या आईच्या हिशेबाने चर्च सोडलेला मुलगा नोकरी सोडलेल्या मुलासारखा नव्हता. तो कायमचा हरवला होता. मृत्यूनंतर जिथे नवरा भेटणार, तिथे हा मुलगा भेटणार नव्हता. ही गोष्ट आपण हसून सोडून देऊ नये. जी बाई असे मानते, तिचे दुःख तिच्यापुरते पूर्ण खरे असते. एल्विन यांनी आईचे समाधान व्हावे म्हणून खोटी श्रद्धा धरली नाही. पण आई आणि बहीण यांना पत्रे लिहिणेही त्यांनी सोडले नाही. हजारो मैलांवरून, जंगलातल्या झोपडीतून, मलेरियात कण्हत, ते घरी लिहीत राहिले. नाते धर्मावर उभे होते, तो धर्म गेला, तरी नाते त्यांनी पडू दिले नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला मुलगा मीच. वाचन नवे होते, रक्त गरम होते. वडिलांनी दीक्षा घेतली होती, पण आजीने गावाहून येताना फडक्यात बांधून आणलेले टाक तिच्या पेटीत होते. सणावाराला ती ते काढी, पुशी, पुन्हा ठेवी. एका सकाळी ती शेजारी गेली असताना मी ते फडके उचलले आणि दुर्गाडीजवळ खाडीत सोडून आलो. मला वाटले, मी घर शुद्ध केले. आजीने संध्याकाळी पेटी उघडली आणि मिटली. ती रडली नाही, मला बोललीही नाही. पण त्यानंतर ती जिवंत होती तोवर आमच्या घरातल्या वंदनेला एकदाही येऊन बसली नाही. आधी ती दाराशी तरी बसायची, डोळे मिटून ऐकायची. त्या दिवसापासून तेही संपले.

पुढे मी एल्विन यांचे चरित्र वाचले, तेव्हा मला माझी चूक दिसली. मी जे सोडले ते माझे नव्हतेच. ते आजीचे होते. सोडायचे असेल, तर तिने सोडायचे होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या प्रत्येकाने आपल्या तोंडाने म्हणायच्या आहेत. दुसऱ्याच्या वतीने प्रतिज्ञा घेता येत नाही. येवल्याच्या घोषणेपासून दीक्षेपर्यंत बाबासाहेबांनी एकवीस वर्षे घेतली. एवढ्या मोठ्या माणसाने एवढा वेळ घेतला, आणि मी माझ्या सत्तर वर्षांच्या आजीला एक सकाळही दिली नाही.

असो. एल्विन यांचे पुढचे आयुष्य पाहू. चर्च सोडले म्हणून त्यांनी गोंडांचे काम सोडले नाही. उलट ते आणखी आत शिरले. बैगा, अगारिया, मुरिया या जमातींत राहून त्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. बैगांवरचा ग्रंथ १९३९ चा, मुरियांच्या घोटुलवरचा १९४७ चा. जंगल खात्याने बैगांची फिरती शेती कशी बंद केली, सावकार आणि दारूचे ठेकेदार यांनी जमिनी कशा गिळल्या, हे त्यांनी लिहून ठेवले. गांधीजींच्या माणसांपासूनही ते दूर झाले. जिथे कापूस पिकत नाही तिथे चरखा कशाला, आणि गोंडाच्या लग्नातली मोहाची दारू वरून हुकूम काढून का बंद करता, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे एक गुरू सोडून दुसऱ्याच्या पायाशी कायमचे बसावे, असे त्यांनी केले नाही.

आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट त्यांनी स्पष्ट पाहिली होती. आदिवासी हिंदू समाजात ओढला जातो, तेव्हा त्याला जागा मिळते ती सर्वांत खालच्या पायरीवर. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत असे मांडले. या प्रश्नावर एल्विन आणि त्यांचे मतभेद गाजले. जातीच्या शिडीवर चढायला बोलावणारे लोक शेवटच्या पायरीवर उभे करतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पण त्यांचे सगळेच मानावे असे नाही. आपल्याला कोणाची पूजा बांधायची नाही. बैगांसाठी बाहेरच्यांना मज्जाव असलेले राखीव क्षेत्र करावे, असे त्यांनी सुचवले होते. हेतू चांगला होता, जमीन वाचवण्याचा होता. तरी मला शिक्षक म्हणून ते पटत नाही. माणूस कुंपणात सुखी राहत नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आज पालघर जिल्हा झालेल्या भागात, वारली लोक १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठले, ते गोदावरी परुळेकरांसारख्या बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांच्या सोबतीने उठले. शिक्षण, संघटना आणि संघर्ष हा बाबासाहेबांचा मार्ग कुंपणाचा नाही. मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर-कातकऱ्यांची मुले शाळेच्या बाकावर बसतात, तेव्हा त्यांना आपले गाणेही हवे असते आणि आपली पदवीही.

दुसरा दोष घरातला आहे. १९४० साली त्यांनी गोंड समाजातल्या, वयाने बऱ्याच लहान मुलीशी लग्न केले. एका मुलाच्या जन्मानंतर काही वर्षांनी, १९४९ साली, घटस्फोट झाला. एल्विन यांच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले. त्या बाईच्या बाजूने फार थोडे. नंतर त्यांनी प्रधान समाजातल्या स्त्रीशी लग्न केले आणि तो संसार शेवटपर्यंत टिकला. जो माणूस गरिबांत राहायला आला, त्याच्याही हातून एका गरीब घरच्या मुलीचे नुकसान झाले, हे झाकून ठेवू नये.

स्वातंत्र्यानंतर एल्विन परत गेले नाहीत. ते भारताचे नागरिक झाले. १९५४ साली ईशान्य सरहद्दीच्या प्रदेशात, ज्याला आज अरुणाचल प्रदेश म्हणतात, सरकारने त्यांना आदिवासी कारभाराचे सल्लागार नेमले. तिथे त्यांचे विचार अधिक परिपक्व झाले. कुंपणाची भाषा मागे पडली. लोकांच्या जमिनीला हात लावू नका, त्यांची भाषा शिका, त्यांच्या कलेने विकास करा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. या धोरणावरच्या त्यांच्या पुस्तकाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

याच डोंगरात त्यांची बौद्ध लोकांशी गाठ पडली. तवांगचे मोनपा, तिकडचे शेरदुकपेन हे बौद्ध आहेत. १९५६ साली एल्विन तवांगच्या मोठ्या मठापर्यंत गेले. तेच साल नागपूरच्या दीक्षाभूमीचे, हे तुम्हाला सांगायला नको. बिशपच्या घरात जन्मलेला, वीस वर्षे कोणत्याही देवघराविना राहिलेला हा माणूस तिथे करुणेच्या धम्मापाशी येऊन थांबला. इथे त्याला राजाची शपथ मागणारा कोणी नव्हता. दुसऱ्या सगळ्यांना अंधारात ढकलणारा दावा नव्हता. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. आयुष्यभर तपासत आलेल्या माणसाला हीच वाट जवळची वाटली. आपल्यासारखा समारंभाने दीक्षा घेण्याचा प्रसंग त्यांच्या चरित्रात ठळक नाही. पण २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा शिलाँगला त्यांच्यावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि रक्षा सियांग नदीत सोडली. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

बंधू-भगिनींनो, या कहाणीतून काय घ्यायचे ते मी माझ्या समजुतीने सांगतो.

पहिली गोष्ट. जे पटत नाही ते मानल्याचे सोंग करू नका. एल्विन यांनी आईसाठीही सोंग केले नाही. घरात शांतता राहावी म्हणून तुम्ही स्वतः पुन्हा नवस-सायास करू लागलात, तर ती शांतता खोटी आहे. मुले सर्व पाहत असतात. प्रतिज्ञा घेतली आहे, ती तुमच्यापुरती कडक पाळा.

दुसरी गोष्ट. तुमची प्रतिज्ञा तुमच्यापुरती आहे. आईचा देव्हारा तुम्ही उचलू नका. तिला दुखवून धम्म तिच्या मनात जात नाही, उलट दाराशी आलेली म्हातारी दारातून परत फिरते. मी हे भोगले आहे. तिच्याशी बोला. बाबासाहेबांनी आपल्यासाठी काय केले ते तिच्या भाषेत सांगा. तिने कोणत्या गावात कोणत्या विहिरीचे पाणी मागितले आणि कोणी दिले नाही, ते तिच्याकडून ऐका. बहुधा तिच्याच तोंडून तिला कळेल की ज्या देवाला ती दिवा लावते, त्या देवाच्या देवळात तिला कधी घेतले नव्हते. सिद्धार्थ गौतम घर सोडून गेले, पण बुद्ध होऊन कपिलवस्तूला परत आले. शुद्धोदनाचा राग त्यांनी सोसला. पुढे त्यांना लहानपणी वाढवणारी महाप्रजापती गौतमी स्वतःच्या पायांनी संघात आली. तिला कोणी ओढून आणले नाही.

तिसरी गोष्ट. धर्म सोडणे हे अर्धे काम आहे. एल्विन यांनी चर्च सोडल्यावर गोंडांची शाळा आणि कुष्ठरोग्यांचा आसरा सोडला नाही. आपणही देव सोडले, त्यांच्या जागी काय ठेवले? देव्हारा रिकामा झाला आणि त्या जागी नुसता टी. व्ही. आला, तर काय मिळवले? त्या जागी पंचशील यावे, मुलांचा अभ्यास यावा, दारू जावी, सुनेला मान यावा. म्हातारी डोळ्यांनी पाहील की दीक्षेनंतर मुलगा पगार घरी आणतो, बायकोवर हात टाकत नाही, नातीला शाळेत पाठवतो. त्याहून मोठे प्रवचन तिच्यासाठी दुसरे नाही.

माझी आजी आता नाही. तिच्या टाकांची जागा मला भरून देता आली नाही. तुमच्या घरी आजी असेल, तर तिला या रविवारी सोबत घ्या. ती दाराशी बसली, तर दाराशी बसू द्या. चटई मात्र तिच्यासाठी आतच अंथरून ठेवा.

नमो बुद्धाय. जय भीम.